डोंग्याखालून

दुकानात मी लोकांना सांगते:
मान सरळ. दोन्ही कान दिसू द्या.
आता हलू नका.
मागे पांढरा पडदा, आठ फोटोंचे साठ रुपये,
आणि प्रत्येक चेहरा तेवढ्यापुरता
कुणाचाच नसतो.

आज जानेवारीची एकोणीस.
पहाटे दव पडलं नाही. दुपारी वारा फिरला
आणि नवेगावच्या टेकड्यांमागे आभाळ
चुलीवरच्या कढईच्या बुडासारखं जमू लागलं.
मी शटर ओढलं, दुकानाचं,
आणि स्कूटीला तिपाई बांधून तलावाकडे निघाले.

पाळीवर शालिकभाऊ बिडी शोधत होते.
"कायचा फोटो काढतेस वो सुकेशनी?
येथं त कोनीच नाही."
"आभाळाचा."
त्यांनी वर पाहिलं,
न सांगता आलेल्या पाहुण्याकडे पाहावं तसं.
"त्याचा कायले? ते त रोजच असते."

खाली बांध्यांमध्ये, धानाच्या धसकटांतून
लाखोरी फुलली होती.
उन्हात हा निळा धुऊन धुऊन विटलेल्या लुगड्याचा,
ढगाखाली मात्र घडी न मोडलेल्या.
मी चौकट लावली:
खाली निळा, मध्ये पाणी, वर ती कढई.
सगळं जागच्या जागी. वीज तेवढी यायची होती.
सवयीनं मनात म्हटलं, हलू नका.

पहिली गार हेडलाइटवर. टण्ण.
दुसरी माझ्या कानशिलावर.
मग पाण्यातून बदकं उठली, सगळी एकदम,
आणि मी लेन्स पुसत होते.

पाळीवर एक डोंगा पालथा होता,
डांबर लावून वाळत घातलेला,
एका अंगाने विटांवर टेकवलेला.
शालिकभाऊंनी माझा दंड धरून मला आत ओढलं,
कॅमेरा युरियाच्या रिकाम्या पिशवीत कोंबला.
आत डांबर, मासोळी, ओली माती,
दोन माणसांचा श्वास,
आणि वरून कोणीतरी पोत्यानं बोरं ओततंय,
थांबतंय, पुन्हा ओततंय.

विटांच्या फटीतून वीतभर तलाव दिसत होता.
आभाळ नव्हतंच त्यात.
मी पालथी पडले, कोपरं चिखलात,
एक पंधरांश सेकंद, तिपाई बाहेर भिजत पडलेली,
हात थरथरत होते थंडीनं.
श्वास धरला.
तेव्हा कळलं, शेजारी शालिकभाऊंनीही धरलाय.

गारा थांबल्या तेव्हा
लाखोरी पांढऱ्याखाली आडवी झाली होती,
आणि उजेड गेला होता.

फोटोत पाण्याची रेघ तिरपी.
वरचा अर्धा भाग डोंग्याच्या काठानं काळा.
कोपऱ्यात लेन्सवरचा एक थेंब.
पाण्यावर पडून उसळलेल्या गारांच्या रेघा,
खालून वर पाऊस पडतोय अशा.
ज्याच्यासाठी आले त्यातलं काही नाही.
तरी मी तो पुसला नाही.

शालिकभाऊंनी खिशातून चष्मा काढला,
एक दांडी दोऱ्यानं बांधलेला.
खूप वेळ पाहत राहिले.
मला वाटलं, आता म्हणतील काहीतरी.
त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं.
"हा बांबू दिसते का? हा येथं नव्हता.
जाळं सरकलं माझं, दहा-बारा हात."
आणि धोतर वर खोचून
ते उतरलेसुद्धा पाण्यात,
तरंगत्या गारा हातानं बाजूला सारत.

अंधारात बांबू दिसेना.
मी पाळीवर उभी, पडदा डोळ्यांशी धरून ओरडत राहिले:
अजून डावीकडे. अजून.
थोडं मागे.
हां, तिथंच. हलू नका!

"हलू नको म्हन्ते," ते तिकडून ओरडले,
"दात वाजून राह्यले ना वो बाई!"

मग कमरेइतक्या पाण्यात वाकले,
आणि काळ्यातून काहीतरी चकाकतं, जड,
वर येऊ लागलं.

तो फोटो नाही माझ्याकडे.
माझा एक हात अजून
डावीकडे दाखवत होता.